मागील ॲक्सलमध्ये नवे क्राऊन-पिनियन बसवताना : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न जुन्या डिझेल जीपच्या मागील ॲक्सलविषयी आहेत. क्राऊन-पिनियन म्हणजे ॲक्सलमधली दातेरी चाकांची जोडी : लहान पिनियन इंजिनाची ताकद घेऊन मोठ्या क्राऊनला फिरवते आणि क्राऊन ती चाकांकडे पोहोचवतो. त्यामुळे उत्तरेही त्याच बांधणीला, म्हणजे क्राऊन हाउसिंगमध्येच (ॲक्सलच्या कवचातच) राहणाऱ्या आणि मागचे झाकण काढून काम करावयाच्या ॲक्सलला, धरून दिली आहेत.

प्रश्न : ताशी ६० किलोमीटरच्या पुढे ॲक्सिलरेटर दाबला की मागून बारीक शिट्टीसारखा आवाज येतो आणि पाय उचलला की तो थांबतो. मिस्त्री क्राऊन-पिनियन बदलायला सांगतात. ते खरोखर आवश्यक आहे का? (सातारा)

उत्तर : भार पडल्यावरच येणारा आवाज दातांकडे बोट दाखवतो हे खरे, परंतु पिनियनचे बेअरिंग सैल झाले तरी भाराखाली पिनियन जागचे हलते आणि नेमका असाच आवाज येतो. म्हणून आधी प्रॉपेलर शाफ्ट (इंजिनाकडून ॲक्सलकडे येणारा फिरता दांडा) सोडून पिनियनचा फ्लँज, म्हणजे तो दांडा जोडायची चकती, हाताने वर-खाली आणि मागे-पुढे हलवून पाहावा. तेथे खेळ जाणवला तर दोष आधी बेअरिंगचा आहे. त्यानंतर ऑइल काढून झाकण उघडावे आणि प्रत्येक दाताचा पृष्ठभाग उजेडात तपासावा. दात गुळगुळीत असतील, त्यांवर खड्डे किंवा ओरखडे नसतील, तर केवळ बेअरिंगे बदलून क्राऊन-पिनियन त्यांच्या मूळ जागी ठेवावे, कारण चाललेले दात ज्या जागी एकमेकांवर बसले आहेत तेथून त्यांना हलवले, तर आवाज कमी न होता वाढतोच.

प्रश्न : पिनियनचे दोन दात तुटले आहेत, क्राऊन मात्र चांगला दिसतो. नुसते पिनियन मिळाले तर चालेल का? (रत्नागिरी)

उत्तर : चालणार नाही. ही जोडी कारखान्यातच एकमेकांवर घासून जुळवलेली असते आणि दोन्ही भागांवर एकच जोडक्रमांक कोरलेला असतो. भंगारातून सुटे पिनियन घेण्याचा मोह होतो, तो टाळावा.

प्रश्न : माझ्या जीपचा रेशो ५.३८ आहे. महामार्गावर इंजिन फार ओरडते, म्हणून ४.८८ बसवावा असे वाटते. काही अडचण येईल का? (नाशिक)

उत्तर : ५.३८ म्हणजे क्राऊनला ४३ आणि पिनियनला ८ दात, ४.८८ म्हणजे ३९ आणि ८. त्याच वेगाला इंजिनाचे फेरे सुमारे ९ टक्के कमी होतील आणि फरक कानांना कळेल, पण घाट चढताना तेवढीच ओढ कमी होईल. गाडी फोर-व्हील असेल तर पुढच्या ॲक्सललाही तोच रेशो बसवणे अनिवार्य आहे. नाहीतर फोर-व्हील लावताच दोन्ही ॲक्सल एकमेकांविरुद्ध ओढतील आणि ट्रान्सफर केसवर (दोन्ही ॲक्सलना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीवर) ताण येऊन काहीतरी तुटेल. या जीपमध्ये स्पीडोमीटरची केबल ट्रान्सफर केसवरून निघते, त्यामुळे काटा ५० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात ५५ने धावत असेल, हेही लक्षात असू द्यावे.

प्रश्न : घरी जॅक, घोडे (गाडीला आधार देणारे स्टँड) आणि पान्यांचा पूर्ण संच आहे. नवा संच मी स्वतः बसवू शकेन का? (कोल्हापूर)

उत्तर : पाने-जॅक पुरेसे नाहीत. मिलिमीटरचा शंभरावा भाग दाखवणारा डायल गेज, चुंबकी स्टँड, मोठा टॉर्क रेंच, प्रेस आणि हबसाठी पुलर हाताशी नसेल, तर ॲक्सल उघडून स्वच्छ करण्यापर्यंतचे काम आपण करावे आणि सेटिंग जाणत्या कारागिराकडे द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘हाताला बरोबर लागते’ या भरवशावर बसवलेली किती तरी क्राऊन-पिनियन अकाली वाया जातात.

साधने असतील तर काम घरी होते. बेअरिंग कॅपवर सोडण्यापूर्वीच डावे-उजवे अशी खूण करावी, कारण त्या हाउसिंगबरोबरच छेदलेल्या असतात आणि त्यांची अदलाबदल चालत नाही. जुन्या शिम (भागांची जागा नेमकी करणाऱ्या पातळ चकत्या) मोजून, कुठल्या बाजूच्या ते लिहून ठेवाव्यात. नव्या जोडीची सुरुवात त्यांच्यापासूनच करावयाची असते. पिनियनच्या डोक्यावर अधिक किंवा उणे अंक असतो. स्पायसर कंपनीच्या बांधणीत जुन्या पिनियनच्या तुलनेत अंक जितका अधिकाकडे गेला, तितकी पिनियनची खोली ठरवणारी शिम पातळ करावी. क्राऊन केसवर (तो ज्यावर बोल्टने बसतो त्या डिफरन्शियलच्या पेटीवर) बसवण्यापूर्वी दोन्ही पृष्ठभागांवरची कूस, म्हणजे धातूचे बारीक उंचवटे, तेलदगडाने काढावी, बोल्ट नवेच घ्यावेत आणि ते समोरासमोरच्या क्रमाने टॉर्क रेंचने आवळावेत.

पिनियन एकटे बसवून नव्या बेअरिंगचा प्रीलोड, म्हणजे बेअरिंग आधीच किती दाबून बसवले आहे ते, पाहावा. तो साधारण २३ ते ४६ किलोग्रॅम-सेंटिमीटर असावा. ५ सेंटिमीटर त्रिज्येच्या फ्लँजवर दोरी गुंडाळून स्प्रिंगकाट्याने सावकाश ओढले, तर पिनियन फिरत असताना काट्यावर साडेचार ते नऊ किलो दिसावेत. मग क्राऊन बसवून बॅकलॅश (दोन्हींच्या दातांमधला मोकळा खेळ) मोजावा; अशा ॲक्सलमध्ये तो बहुधा ०.१३ ते ०.२० मिलिमीटर ठेवतात, तरी आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडाच अंतिम मानावा. क्राऊन ०.१ मिलिमीटर सरकवला की बॅकलॅश सुमारे ०.०७ने बदलतो. एका बाजूची शिम जितकी कमी कराल तितकीच दुसऱ्या बाजूला वाढवावी, म्हणजे बाजूच्या बेअरिंगांचा प्रीलोड ढळणार नाही.

शेवटचा निवाडा दातांवरच्या ठशाचा. चार-पाच दातांना प्रशियन ब्लू (ठसा उमटवणारा निळा रंग) लावावे, क्राऊनला लाकडी दांड्याने थोडा अडसर द्यावा आणि पिनियन दोन्ही दिशांना फिरवावे. ठसा दाताच्या माथ्याकडे गेला तर पिनियन क्राऊनच्या मध्यापासून दूर आहे, खोलीची शिम जाड करावी. मुळाशी गेला तर पिनियन फार आत आहे, शिम पातळ करावी. बदल ०.०५ मिलिमीटरच्या टप्प्यानेच करावेत, आणि प्रत्येक बदलानंतर बॅकलॅश पुन्हा मोजावा. प्रत्येक वेळी बेअरिंग दाबणे-काढणे टाळण्यासाठी जुन्या बेअरिंगचे भोक किंचित घासून ते चाचणीपुरते हाताने बसेल असे करून घ्यावे. या टप्प्यावर कंटाळून ‘जवळपास बरोबर आहे’ असे म्हणू नये. ठसा दाताच्या उंचीच्या मध्यावर येईपर्यंत उघडझाप करण्याची तयारी हवी.

प्रश्न : काम पूर्ण झाल्यावर ऑइल कोणते घालावे आणि गाडी लगेच नेहमीसारखी वापरता येईल का? (म्हापसा)

उत्तर : या दातांमध्ये घसरण मोठी असते, म्हणून जीएल-५ प्रतीचेच गिअर ऑइल घालावे, जीएल-४ पुरेसे नाही. घट्टपणाचा दर्जा मॅन्युअलप्रमाणे घ्यावा. पहिल्यांदा २५-३० किलोमीटर सौम्यपणे चालवून गाडी थांबवावी आणि ॲक्सल पूर्ण थंड होऊ द्यावा; हे दोन-तीनदा करावे. पहिले ८०० किलोमीटर ट्रेलर ओढू नये आणि भरलेल्या गाडीने लांब घाट चढू नये. त्यानंतर ऑइल बदलावे. काढलेल्या ऑइलमध्ये करडी बारीक पूड दिसली तर काळजी नको, परंतु बोटांना टोचणारे कण हाती लागले, तर गाडी न चालवता झाकण पुन्हा उघडावे.