प्रतिकारशक्ती कमी पडली नाही, तिला अडवलं गेलं

ताई, तुमच्या बाबांबद्दल वाचलं. वय ५८, जिभेचा कॅन्सर, ऑपरेशननंतर वर्षभरात परत आलेला. तुमचे प्रश्न दोन: एवढ्या धडधाकट माणसाच्या प्रतिकारशक्तीला हे दिसलंच कसं नाही? आणि डॉक्टर म्हणतात ती इम्युनोथेरपी व आत्या ऐरोलीला आणून देतात तो गुळवेलीचा काढा, दोन्हींचं काम एकच ना? दुसऱ्याचं उत्तर ठामपणे 'नाही' असं आहे. का, ते पहिल्यात दडलंय.

मी ठाण्यातल्या एका लॅबमध्ये २६ वर्षं बायोप्सीच्या स्लाइड तयार केल्या. काप रंगवला की गाठीच्या कडेला कितीदा गडद निळ्या ठिपक्यांची गर्दी दिसायची. त्या लिंफोसाइट, प्रतिकारशक्तीच्याच पेशी. काही स्लाइडमध्ये त्या गाठीत आत घुसलेल्या असत, काहींत वेशीवरच खोळंबलेल्या, काहींत औषधालाही नसत. म्हणून 'दिसलंच नाही' हे मला पटत नाही. पुष्कळदा दिसलेलं असतं.

दिसतं कसं, तर आपली जवळजवळ प्रत्येक पेशी आत बनणाऱ्या प्रथिनांचे बारीक तुकडे एचएलए नावाच्या रेणूवर ठेवून बाहेर दाखवत असते. ठाणे स्टेशनच्या पुलावर टीसीला पास दाखवावा, तसं. टी-पेशी, म्हणजे त्या लिंफोसाइटचाच एक प्रकार, हे पास तपासत फिरतात. तंबाखूने किंवा वयाने डीएनए बिघडला की प्रथिन बदलतं, पासवरचा तुकडा बदलतो आणि टी-पेशीला तो परका वाटू शकतो. मात्र ती आपणहून कामाला लागत नाही. आधी डेंड्रायटिक नावाच्या पहारेकरी पेशी गाठीतला माल उचलून जवळच्या लसिका ग्रंथीत नेतात आणि तिथे टी-पेशींना 'हा शोधा' म्हणून दाखवतात. मग त्या गाठीकडे येतात, कॅन्सरपेशीला चिकटतात, पर्फोरिन या प्रथिनाने तिच्या आवरणाला भोकं पाडून ग्रँझाइम ही मारक प्रथिनं आत सोडतात. पेशी मोडून पडते.

काही कॅन्सरपेशी पास दाखवणंच बंद करतात. त्यांच्यासाठी एनके पेशी आहेत. ज्याच्याकडे पासच नाही, त्याला त्या धरतात. ही दुहेरी सोय मला अजूनही थक्क करते. तरीही जे निसटतात, त्यांचीच पुढे गाठ होते.

आणि इथे खरी मेख आहे. संसर्ग आटोपल्यावर टी-पेशी थांबल्या नाहीत तर आपल्याच अवयवांवर उठतील, म्हणून शरीराने त्यांना पीडी-वन नावाचा ब्रेक दिलाय. लढताना टी-पेशी इंटरफेरॉन गॅमा नावाचा संदेश देणारा रेणू सोडतात. तो लागला की कॅन्सरपेशी अंगावर पीडी-एल-वन नावाचं प्रथिन चढवते आणि नेमका तोच ब्रेक दाबते. बाबांच्या रिपोर्टमधलं जे 'पीडी-एल-वन पॉझिटिव्ह' वाचून तुम्ही घाबरलात, ते हेच. त्याचा एक अर्थ असाही असू शकतो की टी-पेशी तिथे पोचून लढल्या होत्या.

पीडी-वन १९९२ मध्ये जपानच्या तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेत सापडला. सीटीएलए-फोर या दुसऱ्या ब्रेकवर अमेरिकेत जेम्स ॲलिसन यांनी काम केलं. २०१८ चं नोबेल दोघांना मिळून मिळालं. निवोलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब ही इम्युनोथेरपीची औषधं काही 'वाढवत' नाहीत, दाबलेला ब्रेक सोडवतात. ताकद कमी नव्हतीच, तर काढा वाढवणार काय?

खर्चाची चिंता लिहिली आहे, म्हणून हे नक्की विचारा. तोंड-घशाचा कॅन्सर पुढच्या टप्प्यात गेलेल्या किंवा परत आलेल्या रुग्णांवर टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी तोंडावाटे घ्यायच्या औषधांसोबत निवोलुमॅबचा फक्त २० मिलिग्रॅमचा डोस दर तीन आठवड्यांनी दिला. नेहमीच्या डोसच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. वर्षभर जगलेल्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. २०२३ मध्ये हे प्रसिद्ध झालं. सगळ्यांना गुण येत नाही, हेही त्याच आकड्यात आहे. बाबांना हा डोस लागू आहे का, ते त्यांचे डॉक्टरच सांगतील.

खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटाच्या केंद्रातल्या कार-टी उपचाराबद्दल, म्हणजे रुग्णाच्याच टी-पेशी बाहेर काढून, बदलून परत देण्याबद्दल विचारलंत. आयआयटी मुंबई आणि टाटाने मिळून केलेली, २०२३ मध्ये मंजूर झालेली ती थेरपी बी-पेशींच्या रक्ताच्या कॅन्सरसाठी आहे. जिभेच्या गाठीला ती नाही. त्यासाठी धावपळ करू नका.

ब्रेक सुटला की टी-पेशी कधी आतडं, फुप्फुस, थायरॉइड, यकृत यांच्यावरही उठतात. इंजेक्शननंतर काही महिन्यांनीसुद्धा जुलाब, धाप, कोरडा खोकला किंवा कावीळ दिसली तर घरगुती इलाज न करता त्याच दिवशी कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन करा. वेळेत स्टेरॉइड दिलं तर बहुतेकदा आटोक्यात येतं.

काढा मात्र आजच थांबवा. गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईतल्याच डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली आहे. दोन्ही सोबत चालू असताना एसजीपीटी, म्हणजे यकृताची इजा दाखवणारा रक्तातला आकडा, वाढला तर दोष कोणाचा हे कळणं अवघड, आणि त्या गोंधळात इंजेक्शन लांबतं. आत्यांचा जीव तुटतोय म्हणून त्या आणतात, त्यांना दुखवू नका. पुढच्या भेटीला त्यांनाच सोबत न्या आणि बाटली डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा.