सीताखाईचे फोटो काढायला पहिल्यांदाच जातोयस तर

भाऊ, सातपुड्याच्या डोंगरावर तोरणमाळला पहिल्यांदाच जातोयस ना, मग लेन्स कोणती घेऊ हे आधी डोक्यातून काढ, मोबाईल असला तरी चालतं. सीताखाई म्हणजे तिथली खोल दरी, आणि नवीन माणूस तिथे हमखास एकच चूक करतो, शहाद्याहून आरामात निघतो आणि दुपारी बाराला पोचतो. डोक्यावर ऊन, सावल्या काळ्याकुट्ट, आभाळ पांढरंफेक. त्यापेक्षा वरच मुक्काम कर आणि उजाडायच्या अर्धा तास आधी हजर रहा.

आणि मग तिथून हलू नको! ट्रायपॉड एकाच जागी ठेव, दर पाच मिनिटांनी तीच फ्रेम घे. ऊन आधी माथ्यावर टेकतं, वरची झाडं सोनेरी होतात, खालची दरी निळसरच असते, मग ते हळूहळू कड्यावरून खाली उतरतं. ही गंमत थोडाच वेळ असते रे.

बाकी दोनच गोष्टी:
- एक्स्पोजर, म्हणजे फोटोत उजेड किती घ्यायचा ते, उजेडाच्या भागावर लॉक कर, बहुतेक मोबाईलमध्ये स्क्रीनवर बोट दाबून धरलं की होतं. अंधार नंतर थोडा उजळवता येतो, पांढरं झालेलं आभाळ परत येत नाही.
- पावसाळ्यात धुकं आलं की सगळे बॅगा आवरतात, तू थांब, ते फाटतं तेव्हाच मजा. लेन्ससाठी मऊ कापड ठेव, मी एकदा शर्टाने पुसली आणि सगळ्या फोटोंत ढगासारखा डाग.

कड्याच्या टोकाला मात्र जाऊ नको, शेवाळावर पाय सटकतो. रॉ, फिल्टर वगैरे पुढच्या खेपेला बोलू. आणि जळगावच्या उन्हाच्या हिशोबाने कपडे नेऊ नको, वर पहाटे गारठा असतो.