जुन्या घरातली तिसरी तार

प्रश्न : आमचा जुना वाडा आहे, वायरिंग लाकडी पट्टीवरचं. न्हाणीत गीझर बसवल्यापासून नळाला हात लावला की झिणझिण्या येतात. वायरमन म्हणतो, फ्यूज काढून एमसीबी (आपोआप पडून लाइन तोडणारा स्विच) बसवा, त्रास संपेल. खरंच संपेल का?
– एक वाचक, शिवाजी पेठ

नाही संपणार. आणि दुरुस्ती होईपर्यंत गीझर वापरू नका. नुसतं बटण बंद करून भागायचं नाही, प्लगच काढून ठेवा. जुन्या बोर्डांत फेज (करंट आणणारी तार) आणि न्यूट्रल (परतीची तार) उलटे जोडलेले बऱ्याचदा सापडतात. तसं असेल तर बटण न्यूट्रल तोडतं आणि फेज गीझरपर्यंत तसाच जिवंत राहतो.

गीझरच्या कॉइलवरच्या नळीला क्षार चढून चीर पडली की करंट पाण्यात आणि टाकीच्या पत्र्यात उतरतो. त्याला जमिनीत जायची वाट म्हणजे अर्थिंगची तार. तुमच्या पट्टीवर दोनच तारा आहेत, तिसरी नाहीच. म्हणून तो करंट नळातून तुमच्या अंगात येतो.

एमसीबी जादा लोड आणि शॉर्टसर्किट ओळखतो, एवढंच. समजा तुम्ही परसात अर्थिंग केलं आणि त्याचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, 5 ओहम आला. पूर्ण फेज गीझरच्या पत्र्याला लागला तर 230 भागिले 5, म्हणजे 46 अँपिअर वाहतील. 16 अँपिअरचा सी टाइप एमसीबी झटक्यात पडायला 80 ते 160 अँपिअर लागतात. 46 वर तो काही सेकंद, कधी मिनिटभरही घेईल. अर्थिंग 20 ओहम असेल तर जेमतेम 11.5 अँपिअर वाहतील आणि एमसीबी पडणारच नाही. माणसाला मात्र 30 मिलिअँपिअरच्या वरचा करंटही जिवावर बेतू शकतो. म्हणून एमसीबीच्या जोडीला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. जाणारा आणि परत येणारा करंट यांत तेवढा फरक पडला की तो सेकंदाच्या एक तृतीयांशाच्या आत लाइन तोडतो.

आता वायरिंग. मेन बंद करून एक बोर्ड उघडायला सांगा आणि तार दोन बोटांत हलकेच वाकवून बघा. रबराचा भुगा हातात आला तर ते वायरिंग संपलेलं आहे. त्या जुन्या तारेला नवी तार जोडून पुढे नेऊ नका, बोर्ड उघडताना बसलेला हिसकासुद्धा आतलं रबर फोडतो.

दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि न्हाणी एवढ्या घराला चार सर्किट पुरतात. दिवे-पंखे दीडच्या (दीड चौरस मिमी जाडीच्या) तारेवर, 6 अँपिअर एमसीबी. साधे प्लग अडीचच्या तारेवर, 16 अँपिअर. स्वयंपाकघर आणि गीझर यांना चारची स्वतंत्र तार, प्रत्येकी 16 अँपिअर. मीटरपासून डीबीपर्यंत (एमसीबी बसवायच्या पेटीपर्यंत) सहाची तार, 32 अँपिअरचा डबल पोल (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) मेन आणि त्यापुढे 40 अँपिअर, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी. अर्थिंगची हिरवी तार प्रत्येक प्लगपर्यंत आणि पंख्यापर्यंत गेलीच पाहिजे. तार तांब्याची आणि आयएसआय मार्कची घ्या. वाड्याच्या भिंती मातीच्या असतील तर कोरू नका, वरून पीव्हीसी पट्टी मारा. दिसायला तितकी बरी नाही, पण भिंत सुटत नाही.

अर्थिंगला 40 मिमी व्यासाचा, अडीच मीटर लांबीचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप, भिंतीपासून किमान दीड मीटर दूर. रोध मोजायचा तो मे महिन्यात. पावसाळ्यात ओल्या जमिनीत आकडा नेहमीच चांगला येतो, त्यावर विसंबू नका.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. प्लगमागे अर्थच्या पिनेला न्यूट्रलचा तुकडा जोडून ‘अर्थिंग झालं’ म्हणणारे भेटतात. त्यांना हात लावू देऊ नका. मागे कुठे न्यूट्रल तुटला तर गीझर, फ्रिज, वॉशिंग मशीन या सगळ्यांच्या पत्र्यावर पूर्ण 230 व्होल्ट येतात. काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्या आणि टेस्ट रिपोर्ट मागून घ्या.

प्रश्न : वाटणीनंतर आम्हा दोघा भावांचे मीटर वेगळे झाले. मी आरसीसीबी बसवला, पण तो सारखा पडतो. वायरमनने कंटाळून तो बायपास करून दिलाय. चालेल का?
– एक वाचक, मंगळवार पेठ

चालणार नाही, बायपास आजच काढून घ्या. बहुतेक दोन घरांचा न्यूट्रल एकत्र झालेला आहे. वाटणीत मीटर वेगळे होतात, पण भिंतीतल्या तारा कुणी वेगळ्या करत नाही. जिन्यातल्या दिव्याचा फेज तुमच्याकडून आणि न्यूट्रल भावाकडून असेल तर तुमच्या आरसीसीबीतून गेलेला करंट परत येतच नाही. 9 वॉटचा एलईडी बल्बसुद्धा 40 मिलिअँपिअरच्या आसपास घेतो, म्हणजे तेवढ्यानेच तो पडणार.

सगळे एमसीबी बंद केले तरी पडत असेल तर शंका न्यूट्रलवरच घ्या, कारण सिंगल पोल एमसीबी न्यूट्रल तोडत नाही. मेन बंद करून न्यूट्रल बारवरच्या (सगळे न्यूट्रल एकत्र येतात त्या पट्टीवरच्या) सगळ्या तारा सोडवायच्या, मग एकेक तार लावून त्या सर्किटवर लोड टाकून बघायचं. प्रत्येक वेळी तार लावण्याआधी मेन बंद. ज्या तारेला पडेल, ते सर्किट शोधा. घरात बॅटरीचा इन्व्हर्टर असेल तर त्याच्या आउटपुटचा न्यूट्रलही तपासा, तिथेही हीच चूक होते. दोष दूर झाल्यावर आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबत जा.

प्रश्न : जुन्या मेनमध्ये दोन किटकॅट (चिनी मातीचे फ्यूज) आहेत. एक उडला की घरात अंधार होतो, मग बिनधास्त काम करता येतं ना?
– एक वाचक, कळंबा

अजिबात नाही. दुसरा किटकॅट न्यूट्रलचा असतो. तो उडाला तर दिवे विझतात, पण प्रत्येक होल्डरपर्यंत फेज पोहोचलेला असतो. त्या जागी फ्यूजऐवजी घट्ट लिंक (न उडणारा जोड) हवी, आणि खरं तर ते मेनच बदलायला हवं.

प्रश्न : पुराचं पाणी तळमजल्यावर येतं. पाणी उतरल्यावर बोर्ड उन्हात वाळवून वापरले तर?
– एक वाचक, सुतारवाडा

बुडालेले एमसीबी, आरसीसीबी, स्विच आणि सॉकेट टाकून द्या. उन्हात पाणी सुकतं, पण आत बसलेला गाळ निघत नाही आणि गंजलेले संपर्क ऐन वेळी चिकटून राहतात. पीव्हीसीची चांगली तार वाचू शकते, पण 500 व्होल्टच्या मेगरवर (तारेचं आवरण तपासायच्या यंत्रावर) प्रत्येक सर्किट किमान 1 मेगाओहम दाखवल्याशिवाय लाइन चालू करू नका. मीटर बुडाला असेल तर सील न तोडता महावितरणला कळवा, क्रमांक 1912.

नवं काम करताना 2019 आणि 2021 च्या पाण्याच्या खुणांपैकी वरची धरा आणि बोर्ड तिच्या फूटभर वर घ्या. पाइप छताकडून खाली उतरवा, म्हणजे त्यात पाणी साचत नाही. तळमजल्याला वेगळा डबल पोल स्विच द्या आणि तो वरच्या मजल्यावर बसवा. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आहे आणि धोका पातळी 43. तुमच्या भागात 39 लाच तो स्विच पाडा. पाणी आत शिरल्यावर त्यात उभं राहून कुठल्याही बोर्डाला हात लावायचा नाही, खांबावरूनच लाइन बंद करून घ्यायची.