घडी बिघडलेली प्रथिने: वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे

पत्रे वेगवेगळी येतात, गोंधळ मात्र एकच असतो. प्रथिन म्हणजे एक लांब साखळी; ती ठरावीक आकारात दुमडते, तीच तिची घडी. पेशीत ही घडी रोजच कुठे ना कुठे चुकते आणि पेशी ती रोज निस्तरतेही. हे माहीत नसल्याने घाबरायचे कारण नसते तिथे लोक घाबरतात, आणि धावपळ करायला हवी तिथे 'वयोमानाने होते' म्हणून सोडून देतात. म्हणून काही प्रश्न एकत्र घेत आहे.

ताप चढला की अंगातली प्रथिने शिजतात असे ऐकले. खरे आहे का?

नाही. काही प्रथिनांची घडी सैल होते, एवढेच. पेशी त्याची लगेच दखल घेते. एचएसएफ-१ हे प्रथिन सक्रिय होते आणि एचएसपी-७० सारखी 'हीट शॉक' प्रथिने भराभर तयार होऊ लागतात. सैल साखळ्यांना ती एकमेकींना चिकटू देत नाहीत, पुन्हा घडी पडायला वाव देतात. फेरुचियो रितोसा यांनी १९६२मध्ये फळमाश्यांबद्दल जे निरीक्षण प्रसिद्ध केले ते याच प्रतिसादाचे: उष्णता वाढताच गुणसूत्रांवर नवे फुगवटे उठले होते. उष्माघाताने भान हरपले किंवा रुग्ण असंबद्ध बोलू लागला, तर मात्र अंग गार करत थेट रुग्णालय गाठा.

मी जीवशास्त्राची विद्यार्थिनी आहे. घडी चुकली हे पेशीला कळते कसे?

चांगला प्रश्न. पेशीबाहेर जाणारी बहुतेक प्रथिने एंडोप्लाझमिक रेटिक्युलममध्ये, म्हणजे पेशीतल्या पटलांच्या जाळ्यात, आकार घेतात. पाण्यापासून दूर राहणारे त्यांचे भाग घडीच्या आत दडायला हवेत. ते उघडे राहिले की बीआयपी हे मदतनीस प्रथिन त्यांना धरते. अशा साखळ्यांची गर्दी झाली की त्या जाळ्याच्या पटलातील आयआरई-१, पर्क आणि एटीएफ-६ ही तीन संवेदक प्रथिने सक्रिय होतात. नवे उत्पादन मंदावते, मदतनीस वाढतात आणि जे सुधारतच नाही त्याला युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची खूण लावून प्रोटिएझोम या प्रथिने तोडणाऱ्या यंत्राकडे पाठवले जाते. तरीही भार उतरला नाही, तर हीच यंत्रणा पेशीला मरणाकडे नेते. काझुतोशी मोरी आणि पीटर वॉल्टर यांना २०१४चा लास्कर पुरस्कार या कामासाठी मिळाला.

मला मधुमेह आहे, इन्सुलिन घेतो. 'पेशीशुद्धी'च्या कॅप्सूल आणि सोबत ३६ तासांचा उपास, असे पॅकेज सुचवले आहे. घ्यावे का?

घेऊ नका. पुरावा मागितला की हे विक्रेते नोबेल पुरस्काराकडे बोट दाखवतात. योशिनोरी ओसुमी यांना २०१६चे नोबेल मिळाले ते ऑटोफॅजी, म्हणजे पेशीने स्वतःचेच नको असलेले भाग पचवणे, कशी चालते हे उलगडल्याबद्दल, आणि त्यांचे पायाभूत काम यीस्टवर झाले. त्यातून कुठल्याही कॅप्सूलला प्रमाणपत्र मिळत नाही. शिवाय पेशीची ही निस्तरण्याची यंत्रणा जितकी जोरात तितकी चांगली, असेही नाही. कर्करोगाच्या अनेक पेशी हीट शॉक प्रथिनांच्याच आधारावर तग धरतात. उलट मल्टिपल मायलोमा या अस्थिमज्जेतील कर्करोगात बोर्टेझोमिब हे औषध प्रोटिएझोम मुद्दाम अडवते, कारण सतत प्रतिपिंडे बनवणाऱ्या त्या पेशींना साचलेला बिघाड सोसत नाही. आणि इन्सुलिन चालू असताना लांबलचक उपास केला तर साखर जिवावर बेतेल इतकी उतरू शकते. तुमच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय एकही जेवण टाळू नका.

जास्त प्रथिने खाल्ल्याने अ‍ॅमिलॉइड, म्हणजे बिघडलेल्या प्रथिनांचा साठा, होतो का?

नाही. खाल्लेली प्रथिने पचनात तुटतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

वडील ७३ वर्षांचे. काही वर्षांपूर्वी दोन्ही मनगटांचे कार्पल टनेलचे (मनगटात नस दबण्याचे) ऑपरेशन झाले. आता जिना चढताना दम लागतो, पाय सुजतात. इकोत हृदयाची भिंत जाड आहे. 'वयाचे आहे, सहा महिन्यांनी बघू' असे सांगितले. एका नातेवाइकाने अ‍ॅमिलॉइडचे नाव काढले, पण तो तर मेंदूचा आजार ना?

सहा महिने थांबू नका. सहा आठवडेसुद्धा नको.

आधी ऐकीव माहितीचे बघू. घडी बिघडलेली प्रथिने चिवट तंतू होऊन पेशींबाहेर साचतात, त्या साठ्याला अ‍ॅमिलॉइड म्हणतात. माणसात असे साठे करणारी ३०हून अधिक प्रथिने माहीत आहेत. अल्झायमरमधले प्रथिन वेगळे, हृदयातली वेगळी. हृदयात मुख्यतः दोन सापडतात: यकृतात बनणारे ट्रान्सथायरेटिन, आणि अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशींनी बनवलेल्या 'लाइट चेन', म्हणजे प्रतिपिंडांच्या लहान साखळ्या.

तुमच्या पत्रात मला सर्वांत मोलाची वाटली ती मनगटे. ट्रान्सथायरेटिन हृदयाचा त्रास दिसण्याच्या कित्येक वर्षे आधी मनगटात साचू शकते. पण मनगटाचे डॉक्टर वेगळे, हृदयाचे वेगळे, आणि दोघांचे कागद एकत्र कोणी वाचत नाही. ही तक्रार मी वर्षानुवर्षे करत आलो आहे. वडिलांचा ईसीजी इकोच्या शेजारी ठेवायला सांगा. रक्तदाबाने भिंत जाड झाली असेल तर ईसीजीतल्या रेघा सहसा उंच येतात. भिंत जाड आणि रेघा बुटक्या, असे दिसले की शंका घ्यायलाच हवी. रेघा बुटक्या नसल्या, तरी एवढ्यावरून आजार नाही असे ठरत नाही. जुन्या बीपीच्या गोळ्यांनी आता चक्कर येते का, लघवीला फेस येतो का, तळपायांना मुंग्या येतात का, हेही सांगा.

तपासण्यांत लाइट चेन विसरून चालणार नाही: रक्तातील फ्री लाइट चेन, शिवाय रक्त आणि लघवीत असामान्य प्रतिपिंडे शोधणारे इम्युनोफिक्सेशन. त्यात काही निघाले नाही, तर हृदयातला ट्रान्सथायरेटिनचा साठा शोधणारा टेक्नेशियम पायरोफॉस्फेट स्कॅन. नुसता स्कॅन करून मोकळे होणे धोक्याचे आहे. लाइट चेनच्या आजारातही तो पॉझिटिव्ह येऊ शकतो, आणि तिथे प्लाझ्मा पेशींवरचे उपचार तातडीने सुरू करावे लागतात. रक्तात काही सापडले किंवा शंका राहिली तर बायोप्सी: काँगो रेडने रंगवलेला साठा ध्रुवित प्रकाशात हिरवा चमकतो. मग तो कोणत्या प्रथिनाचा, हे ठरवायचे.

घाई का? टॅफामिडिस हे औषध ट्रान्सथायरेटिनचे चार भाग एकत्र धरून ठेवते, कारण ते सुटले की घडी बिघडते. आधीच साचलेले ते काढत नाही. जितके महिने जातील, तितके वाचवण्याजोगे हृदय कमी उरेल. या आठवड्यात हृदयरोगतज्ज्ञांकडे जा, मनगटांच्या ऑपरेशनचे कागद न्या आणि 'अ‍ॅमिलॉइड नाही हे कशावरून?' असे स्पष्ट विचारा.

शेजारी प्रियॉनचा रुग्ण आहे. भेटायला जाणे धोक्याचे आहे का?

नाही. प्रियॉन म्हणजे घडी बिघडलेले असे प्रथिन, जे आपल्यासारख्या दुसऱ्या प्रथिनांचीही घडी बिघडवते. पण स्पर्शाने किंवा एकत्र जेवल्याने हा आजार पसरत नाही. रुग्णावर शस्त्रक्रिया व्हायची असेल तर घरच्यांनी रुग्णालयाला आधी कळवावे, कारण उपकरणांसाठी वेगळी काळजी घ्यावी लागते.

आईला ट्रान्सथायरेटिनचा आनुवंशिक प्रकार निघाला. आम्ही भावंडांनी घरपोच जनुक-किट मागवावे का?

नको. प्रत्येक अपत्यात आईच्या जनुकातला तो बदल उतरण्याची शक्यता ५० टक्के असते. उतरला म्हणजे आजार होईलच असे नाही, आणि कोणत्या वयात होईल हे बरेचसे बदल नेमका कोणता यावर ठरते. आईच्या अहवालात त्याचे नाव असेल. तो घेऊन आधी जनुकीय समुपदेशकांना भेटा, तपासणी त्यानंतर. तुमच्यापैकी कोणाला पायांना मुंग्या येत असतील किंवा दम लागत असेल, तर समुपदेशनाच्या तारखेची वाट न पाहता त्याला लगेच डॉक्टरांना दाखवा.