मात्सुएत संसार मांडायचा असेल तर

सप्रेम नमस्कार. जपानमधल्या मात्सुएतल्या एका कंपनीत रुबी या संगणकभाषेवर काम करण्याची संधी आली आहे, तोक्योतलीही एक नोकरी हाताशी आहे, पत्नी आणि पाच वर्षांची मुलगी सोबत येणार आहेत, तिघेही शाकाहारी आहात आणि जपानी भाषा जेमतेम एन-४, म्हणजे परीक्षेच्या खालून दुसऱ्या पातळीपर्यंत आली आहे. अशा वेळी पुणे सोडून इतक्या आडबाजूच्या शहरात यावे का, असे तुम्ही विचारले आहे. मी २०१७ पासून नवरा आणि मुलीसह येथे राहते, म्हणून आधी उत्तर देते आणि मग कारणे सांगते. जरूर या, पण शक्य असल्यास एक वर्ष थांबून, भाषा एन-३ च्या पुढे नेऊन या, आणि पत्नीने येथला हिवाळा पाहिल्याशिवाय होकार कळवू नका.

मात्सुए ही शिमाने प्रांताची राजधानी असली तरी वस्ती सुमारे दोन लाखांचीच आहे. येथे शिन्कान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, येत नाही. ओकायामाला उतरून 'याकुमो' गाडी धरायची आणि डोंगर ओलांडत सुमारे अडीच तासांनी मात्सुए गाठायचे. ओकायामाचे नाव तुम्हाला परके नसेल. सिंहगड रस्त्यावरची पुणे-ओकायामा मैत्री बाग ज्या कोराकुएन उद्यानाच्या धर्तीवर केली आहे, ते उद्यान त्याच शहरात आहे. विमानाने यायचे तर एका बाजूला इझुमो आणि दुसऱ्या बाजूला योनागो असे दोन विमानतळ जवळ पडतात. तरीही भारतात जायचे म्हटले की एक जादा टप्पा वाढतो, आणि घरून वाईट बातमी आली की तो टप्पा फार मोठा वाटतो, हे मी अनुभवाने सांगते.

शहर समजून घ्यायचे तर किल्ल्यापासून सुरुवात करावी, कारण सगळे गाव त्याच्याच आखणीवर बसले आहे. होरिओ योशिहारु याने १६०७ मध्ये बांधकाम सुरू केले आणि १६११ मध्ये ते पुरे झाले. आपल्याकडच्या गिरिदुर्गांची सवय असलेल्या डोळ्यांना ही टेकडी ठेंगणीच वाटते. पण दगडी जोत्यावर उभा असलेला सुमारे तीस मीटर उंचीचा काळा लाकडी बुरूज आत शिरल्यावर वेगळाच भासतो. तळघरात वेढ्याच्या दिवसांसाठी खोदलेली विहीर आहे. वरच्या मजल्यांवर भिंतींत जंग्या आहेत, आणि खांबांना चहूबाजूंनी फळ्या जोडून त्या लोखंडी पट्ट्यांनी आवळल्या आहेत. मी पहिल्यांदा गेले तेव्हा अशाच एका खांबाला हात लावून बराच वेळ उभी होते. चारशे वर्षे अनवाणी पावलांनी गुळगुळीत केलेली ती फरशी थंडीत मोज्यांतूनही बोचते.

मेइजी काळात, १८७५ मध्ये, किल्ल्यातल्या इमारती लिलावात विकून पाडल्या गेल्या. हा मुख्य बुरूजही १८० येनला जाणार होता, तेव्हा काही स्थानिक माणसांनी तेवढीच रक्कम उभी करून तो वाचवला. जपानात जुने असे बाराच मुख्य बुरूज उरले आहेत आणि त्यांतल्या पाचांनाच राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा आहे. मात्सुएला तो २०१५ मध्ये मिळाला, तोही एका देवळात सापडलेल्या जुन्या प्रार्थनापट्ट्यांवरून १६११ हे साल पक्के झाल्यावर. ही हकिकत मी लांबवून सांगते आहे, कारण येथली माणसे आजही तशीच आहेत. गल्लीची साफसफाई, ऑक्टोबरातली ढोलांची मिरवणूक, शाळेच्या रस्त्यावर मुलांसाठी पहारा, हे सगळे रहिवासीच करतात, आणि तुम्ही घर घेतलेत की तुम्हालाही त्यात धरले जाते. तोक्योत कोणी विचारत नाही, येथे विचारतात. हे ज्यांना आवडते त्यांनीच यावे.

कामाबद्दल तुम्हाला बरेच माहीत असेल. रुबी भाषेचे जनक युकिहिरो मात्सुमोतो येथे राहतात, आणि त्याच बळावर २००६ मध्ये महापालिकेने स्थानकाजवळ ओपन सोर्स लॅब, म्हणजे सर्वांना खुल्या असलेल्या सॉफ्टवेअरसाठीचे केंद्र, सुरू केली. २००९ पासून रुबीची परिषद येथे भरत आली आहे. त्यामुळे गावाच्या मानाने रुबीचे काम भरपूर आहे. पण कंपन्या लहान आहेत आणि ग्राहकाशी बोलणे, बैठकीची टिपणे, अगदी कोडमधल्या टिप्पण्यासुद्धा जपानीत असतात. तुमचे एन-४ कोड लिहायला पुरेल, पण काय लिहायचे हे ठरवणाऱ्या चर्चेत तुम्ही गप्प बसाल. पहिल्या वर्षी मी तशीच बसले होते. पगार तोक्योपेक्षा कमी असेल, भाडेही कमी असेल. आम्ही तीन खोल्यांच्या घराचे महिना ६२,००० येन देतो, आणि घरात शिरताना अनामत व जामीनदार कंपनीची फी मिळून जवळपास चार महिन्यांचे भाडे एकदम द्यावे लागले होते. तेवढी रक्कम वेगळी काढून ठेवा.

हिवाळ्यापुरते थांबून सांगते, कारण येथून परत जाणारे बहुतेक त्याच पायी गेलेले मी पाहिले आहेत. या भागाला सान्इन म्हणतात. त्याचा अर्थच डोंगराची सावलीकडची बाजू. डब्बा विसरलात तरी चालेल पण छत्री विसरू नका, अशी येथली म्हण आहे. नोव्हेंबरपासून आकाश शिशासारखे होते, पाऊस, गारा आणि ओला बर्फ एकाच दुपारी येऊन जातात, आणि समुद्राकडून ढगांचा गडगडाट ऐन थंडीत ऐकू येतो. थंडीपेक्षा उन्हाचा अभाव जास्त सोसवत नाही. भाड्याच्या जुन्या घरांच्या भिंती पातळ असतात, म्हणून रॉकेलचा हीटर घ्यावाच लागतो. इंग्रजी शिकवायला १८९० मध्ये येथे आलेले लेखक लाफकादिओ हर्न या गावावर जीव लावून होते, येथल्याच कोइझुमी सेत्सुशी त्यांनी संसार मांडला. तरी सव्वा वर्षातच ते दक्षिणेकडे कुमामोतोला गेले, आणि येथली थंडी हे त्याचे एक कारण होते.

शाकाहाराची अडचण खरी आहे, पण घरात ती सुटते. माशाचा अर्क, म्हणजे दाशी, सूपात, भाजीत, इझुमोच्या प्रसिद्ध सोबा नूडल्सच्या रसातही असतो, आणि मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याच्या, डब्यातही तो आधीच घातलेला असू शकतो. शिन्जी सरोवराच्या खाऱ्या-गोड्या पाण्यातले शिजिमी नावाचे बारीक काळे शिंपले तर येथल्या न्याहारीचा मान आहेत; पहाटे लांब दांड्याचे दाताळे पाण्यात सोडून एकेका होडीत उभे राहिलेले कोळी पुलावरून दिसतात. तूरडाळ, हिंग, गोडा मसाला बाहेरून मागवावा लागतो. मात्र येथली मिठाई तुम्ही निर्धास्त खाऊ शकाल. सातवे मात्सुदाइरा सरदार फुमाइ यांनी चहाचा जो संस्कार गावाला लावला, त्यामुळे आजही साध्या घरी दुपारी चार वाजता माच्चा, म्हणजे हिरव्या चहाची पूड, घुसळून देतात, आणि सोबत तांदूळ व घेवड्याच्या गोड सारणाचा एक घास असतो. आमच्या शेजारच्या आजींनी पहिल्याच आठवड्यात मला असे बसवून घेतले होते. निघताना मी 'आरिगातो' म्हटले, तर त्यांनी 'दान्दान' म्हणायला शिकवले. इझुमोकडचा 'आभार' तो हा.

पत्नीचा प्रश्न तुम्ही शेवटी एका ओळीत विचारलात. तो मी वर आणला असता. अवलंबित व्हिसावर परवानगी काढून आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करता येते, पण भाषेशिवाय येथे ते मिळणे कठीण आहे. तुमच्याइतकेच जपानी त्यांनीही पुण्यातच शिकून यावे, आणि मोटारीचा परवाना नसेल तर तोही काढावा. बस संध्याकाळी लवकर थांबतात, दवाखाना व बाजार लांब पडतो. आंतरराष्ट्रीय परवाना आल्यापासून एकच वर्ष चालतो. भारतीय परवाना बदलून घेण्याची परीक्षा ऑक्टोबर २०२५ पासून कठीण झाली आहे, ५० प्रश्नांपैकी ४५ बरोबर यावे लागतात. परवाना मिळाल्यावर भारतात किमान तीन महिने राहिल्याचा पुरावाही लागतो, म्हणून निघायच्या तोंडावर काढून उपयोग नाही.

वर्षभर थांबा म्हणण्याचे दुसरे कारण तुमची मुलगी. येथे सहा वर्षे पूर्ण झालेली मुले एप्रिलमध्ये पहिलीत जातात. त्या दिवशी सगळीच नवी असतात, सगळ्यांच्याच पाठीवर नवे दप्तर असते. माझी मुलगी दुसरीच्या मध्यावर वर्गात शिरली आणि तिला मैत्रीण मिळायला आठ महिने लागले. शाळेच्या जेवणाऐवजी घरचा डबा देण्याची परवानगी आम्हाला मिळाली, पण त्यासाठी शिक्षिकांशी आधी बसून बोलावे लागले.

आणखी एक गोष्ट जाहिरातीत कोणी लिहीत नाही. शिमाने अणुवीज केंद्र याच शहराच्या हद्दीत आहे आणि त्याची दुसरी अणुभट्टी डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. अपघात झाल्यास कोठे निघून जायचे याचा नकाशा आम्ही फ्रिजवर लावून राहतो. हे पत्नीला आत्ताच सांगा.

कंपनी मुलाखतीसाठी बोलावणार असेल तर एप्रिलमधली चेरीच्या बहराची तारीख मागू नका. फेब्रुवारीत दोघेही या आणि किल्ल्याच्या खंदकातली होडी घ्या. हिवाळ्यात तिच्यात कोतात्सु, म्हणजे खालून ऊब देणारे, गोधडी घातलेले ठेंगणे टेबल, मांडलेला असतो. गोधडीखाली पाय घालून बसायचे, आणि ठेंगणा पूल आला की छप्पर खाली येते, तेव्हा सगळ्यांनी मान टेकवायची. उतरल्यावर पत्नीला विचारा, आणि त्या जे म्हणतील तेच कंपनीला कळवा. तारीख ठरली की मला लिहा, रात्रीचे वरणभात आमच्याकडे.