रिटर्न राहिले, जीएसटी नोंदणी रद्द झाली : नवा नंबर घ्यावा का?

प्रश्न : भोसरीत माझे सुटे भाग बनवण्याचे छोटे वर्कशॉप आहे. रिटर्नचे काम एका कर सल्लागाराकडे होते आणि पोर्टलवर मोबाइल, ईमेलही त्यांचाच आहे. सात महिने रिटर्न भरले गेले नाहीत व दोन महिन्यांपूर्वी नोंदणी रद्द झाली, हे माल घेणाऱ्या कंपनीने बिले अडवली तेव्हा कळले. जुना नंबर सोडून नवा घ्यावा का?

उत्तर : नवा नंबर घेऊ नये. नोंदणी रद्द झाली तरी जुनी देणी जीएसटी कायद्याच्या कलम 29(3) प्रमाणे कायम राहतात, जुन्या लेजरमधील क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) अडकून पडते आणि त्याच पॅनवर पुन्हा अर्ज आला की अधिकारी आधीची थकबाकी तपासतात.

आपला मार्ग कलम 30 चा, म्हणजे रद्द झालेली नोंदणी पूर्ववत करून घेण्याचा आहे. आदेश बजावल्यापासून 90 दिवसांत आरईजी-21 या नमुन्यात अर्ज करावा लागतो. ही मुदत आणखी 180 दिवसांपर्यंत वाढवून मिळू शकते, परंतु त्यासाठी सबळ कारण दाखवावे लागते आणि मंजुरी वरिष्ठ अधिकाऱ्याच्या हाती असते. त्यामुळे पोर्टलवरील आदेशाच्या तारखेपासूनच दिवस मोजावेत. आपल्या हाती जेमतेम महिना आहे.

नोटीस मिळालीच नाही, या मुद्द्यावर फार विसंबू नये, कारण नोंदवलेल्या ईमेलवर किंवा पोर्टलवर आलेली नोटीस कलम 169 नुसार बजावलेली मानली जाते. लेथवर दिवसभर उभ्या असलेल्या माणसाने पोर्टलही रोज उघडावे, ही अपेक्षा मला अन्यायकारक वाटते; तरीही आज कायदा असाच आहे. म्हणून ओळखपत्र आणि धंद्याच्या जागेचा पुरावा घेऊन आपल्या विभागाच्या जीएसटी अधिकाऱ्याकडे जावे व मोबाइल, ईमेल स्वतःच्या नावे बदलून घ्यावेत. सल्लागाराशी वाद घालण्यापूर्वी हे करावे, कारण ओटीपी त्यांच्याकडे जात असेपर्यंत आपल्याला काहीच भरता येणार नाही.

अर्जाआधी थकलेली सर्व रिटर्न कर, व्याज आणि विलंब शुल्कासह भरावी लागतील. रोखीने भरायच्या करावर व्याज वार्षिक 18 टक्के आहे. वार्षिक उलाढाल दीड कोटीपर्यंत असेल तर जीएसटीआर-3बी (कर भरण्याचे रिटर्न) चे विलंब शुल्क प्रत्येक रिटर्नमागे 2,000 रुपयांवर जात नाही. अर्ज फेटाळण्याचा विचार असल्यास अधिकाऱ्याला आधी नोटीस द्यावी लागते आणि तिचे उत्तर 7 कामकाजाच्या दिवसांत जायला हवे. नोंदणी पूर्ववत झाल्यावर मधल्या काळाची रिटर्न 30 दिवसांत भरावीत.

तोपर्यंत बिलावर जीएसटी लावू नये. नोंदणी नसताना कर गोळा करण्यास कलम 32 ने मनाई आहे. आदेशानंतर काही बिलांवर तो घेतला असेल, तर ती रक्कम खर्च न करता बाजूला ठेवावी आणि अर्जात तसे स्पष्ट लिहावे. कंपनीलाही आजच लेखी कळवावे की रद्द होण्यापूर्वीच्या महिन्यांची जीएसटीआर-1 (विक्रीच्या बिलांचे रिटर्न) आणि 3बी रिटर्न भरली जात आहेत, म्हणजे ती बिले त्यांच्या 2बी मध्ये (खरेदीदाराला मिळणाऱ्या क्रेडिटच्या विवरणात) दिसू लागताच थांबलेले पैसे मागता येतील.