पावसात दमणारे वायपर

प्रश्न : आमच्याकडे वडिलांनी घेतलेली 1998 सालची मारुती 800 आहे. जोराच्या पावसात तिचे वायपर कसेबसे फिरतात. परंतु भुरभुर पावसात काच अर्धवट ओली असली की ते रेंगाळतात आणि मध्येच थांबतात. बटण बंद केल्यावर खाली येऊन बसण्याऐवजी ते जिथल्या तिथे उभे राहतात. मोटर गेली आहे, नवी घाला, असे मेकॅनिक सांगतो. तसे करावे का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : इतक्यात करू नये. जुन्या गाडीचे वायपर मंदावले की दोष मोटरच्या माथी मारला जातो, कारण मोटर बदलणे सोपे असते आणि बाकीचे तपासायला वेळ लागतो. आपल्या गाडीत मोटर फिरते आहे, मात्र तिला ओढावे लागणारे ओझे वाढले आहे, असे लक्षणांवरून दिसते. भरपूर पाण्यात रबर काचेवरून सहज सरकते, अर्धवट ओल्या काचेवर ते अडते, आणि आधीच दमलेली मोटर तेवढ्या जादा अडथळ्यानेही थांबते.

प्रथम दोन्ही दांडे काचेवरून उचलून उभे करावेत आणि वायपर चालू करून पाहावेत. (काचेवर जाडसर टॉवेल पसरून ठेवावा, उचललेला दांडा स्प्रिंगच्या जोराने आपटला तर काच तडकू शकते.) तरीही ते रेंगाळले, तर रबर निर्दोष समजावे. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून मोटरच्या आसाला जोडलेली क्रँक (मोटरबरोबर फिरणारी छोटी आडवी पट्टी) सोडवावी आणि वायर पुन्हा लावून एकटी मोटर चालवावी. चालू मोटरजवळ बोटे नेऊ नयेत. ती कमी वेगाला मिनिटाला 40-45 फेरे सहज घेत असेल, तर मोटर ठीक आहे. आता एकेक दांडा हाताने फिरवून पाहावा. तो दोन बोटांनी फिरायला हवा. आपल्याकडे बहुधा मनगटाचा जोर लागेल.

हा जोर कोठे खर्च होतो ते स्पिंडल, म्हणजे वायपरचा दांडा ज्यावर बसतो तो आस, बाहेर काढल्यावर दिसते. स्पिंडलची पोलादी दांडी अॅल्युमिनियमच्या नळीत फिरत असते. वरचे रबरी सील वाळून चिरले की पावसाचे पाणी नळीत उतरते, मूळचे ग्रीस मेणासारखे घट्ट होते आणि अॅल्युमिनियमवर पांढुरकी, खरखरीत भुकटी धरते. ही भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापत असल्याने नळी दांडीला आवळत जाते. कोकणच्या दमट हवेत हे लवकर घडते. वरून तेलाचे चार थेंब सोडले तर आठवडाभर बरे वाटते, पुढे पुन्हा तेच. म्हणून वायपरच्या दांड्यांची मूळ जागा काचेवर कागदी टेप लावून खुणावून ठेवावी, नट काढून दांडे हलवत हलवत सोडवावेत (काचेला टेकवून स्क्रू ड्रायव्हरची तरफ मुळीच करू नये), वरची सर्कलिप (स्पिंडल जागेवर धरणारी स्प्रिंगसारखी कडी) आणि वॉशर काढून स्पिंडल खालून ओढून घ्यावा. दांडी रॉकेलने धुऊन बारीक पॉलिश पेपरने पुसावी, नळी आतून स्वच्छ करावी, नवे सील आणि लिथियम ग्रीस घालून जोडणी करावी. त्याच वेळी लिंकेजच्या (मोटरची हालचाल स्पिंडलपर्यंत नेणाऱ्या जोडपट्ट्यांच्या) टोकांचे प्लॅस्टिकचे बुश (सांध्यातील कडी) खिळखिळे झाले असतील तर तेही बदलावेत.

वायपर मध्येच उभे राहण्याचे कारणही बहुधा हेच आहे. बटण बंद केले तरी मोटरला दुसऱ्या मार्गाने करंट मिळत राहतो आणि दांडे खाली पोहोचल्यावर मोटरच्या गिअरच्या झाकणाआड असलेला विजेचा संपर्क तो तोडतो. मात्र हा शेवटचा टप्पा मंद वेगानेच होतो आणि जड झालेले स्पिंडल ओढण्याएवढी ताकद तेव्हा उरत नाही. एकटी मोटर बंद केल्यावर क्रँक दर वेळी एकाच जागी थांबत असेल, तर हा संपर्क शाबूत आहे. ती कोठेही थांबत असेल, तर झाकण उघडून आतील पट्ट्या साफ कराव्यात.

एकटी मोटरही रडतच फिरत असेल, तर आधी तिचे अर्थिंग, म्हणजे गाडीच्या पत्र्याशी असलेली विजेची जोडणी, पाहावे. गंजलेल्या एका बोल्टमुळेही मोटर निम्म्या जोराने चालते. तेही ठीक निघाले, तर मोटर उघडून कार्बन (फिरत्या भागाला करंट पोहोचवणारे छोटे ठोकळे) झिजले आहेत का ते बघावे. एखादा जुना ऑटो इलेक्ट्रिशियन ते बदलून देतो. आर्मेचर (मोटरमधील तारा गुंडाळलेला फिरता भाग) जळाल्याचा काळसर डाग आणि वास असेल, तरच नव्या मोटरचे पैसे मोजावेत, आणि तेव्हाही स्पिंडल मोकळे केल्याखेरीज ती बसवू देऊ नये.